वरून सगळं हिरवंच दिसतं! विमानातून लेझर सोडून जंगल कसं मोजतात?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त थोडी काटछाट केली आहे.)



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक छोटं काम देतो. ऐकताऐकता फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि सिंधुदुर्गातला कुठलाही डोंगर झूम करून बघा. हिरवागार दिसेल. आता मला सांगा, त्या हिरव्यात काजूची बाग कुठली, रबराची लागवड कुठली आणि दोन-तीनशे वर्षं कुणी कोयता लावला नाही अशी देवराई कुठली?

अवघड आहे ना? कारण साधं आहे. वरून फोटो काढला की झाडाचा फक्त माथा दिसतो. माथ्याखाली वीस मीटरचं खोड आहे की चार मीटरचं, खाली झुडपं, वेली, रोपटी आहेत की झाडून साफ केलेली जमीन, हे फोटोत येत नाही. गर्दीचा फोटो गच्चीवरून काढला तर डोकी मोजता येतात, उंची नाही. तसंच आहे हे.

मग जंगल "आहे की नाही" याच्या पुढे जाऊन जंगल "किती आहे" हे मोजायचं कसं? आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. उत्तराचं नाव आहे लायडार, म्हणजे विमानातून लेझर सोडून केलेली मोजणी. गोष्ट घडते बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात. तिथं या मोजणीतून एक गोष्ट समोर आली, जी मला फार महत्त्वाची वाटते: तोडलेलं जंगल म्हणजे संपलेलं जंगल नव्हे. पण ते बघायला उंची मोजावी लागते.

चला, सुरू करूया.

आधी एका झाडाची गोष्ट

सबाहमध्ये दानुम व्हॅली नावाचं राखीव जंगल आहे. ओरांगउटान, छोटे हत्ती, धनेश, सगळं आहे तिथं. २०१४ मध्ये या भागावरून विमानातून लेझर स्कॅनिंग झालं. त्यातून माहितीचा प्रचंड साठा तयार झाला. पुढे इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचे संशोधक ती माहिती तपासत होते, तेव्हा त्यांना एका ठिकाणी उंचीचा आकडा जरा जास्तच मोठा दिसला.

एवढं उंच झाड? उष्ण कटिबंधात?

ऑगस्ट २०१८ मध्ये टीम प्रत्यक्ष त्या जागी गेली. जमिनीवरून लेझर स्कॅनर लावला, वरून ड्रोन उडवला. तरीही शेवटचा शब्द यंत्राचा नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये उंडिंग जामी हे तिथले झाडावर चढण्यात तरबेज असलेले गृहस्थ त्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढले आणि वरून मोजपट्टी खाली सोडली. आकडा आला १००.८ मीटर.

शंभर मीटर म्हणजे किती? एक मजला दहा फुटांचा धरला तर तेहतीस मजली टॉवर. दिल्लीचा कुतुबमिनार साधारण ७३ मीटर आहे. म्हणजे कुतुबमिनार शेजारी आणून उभा केला तरी हे झाड त्याच्या डोक्यावरून सत्तावीस-अठ्ठावीस मीटर वर जाईल. आणि गंमत बघा, या झाडाला नाव दिलं "मनारा". मलय भाषेत मनारा म्हणजे मनोरा. मूळ शब्द अरबी, आपल्या "मिनार"चाच भाऊ!

मुळं सोडून या झाडाचं वजन सुमारे ८१.५ टन असावं असा हिशोब निघाला. त्यात फांद्या-पानांचा वाटा जेमतेम ५ टक्के. बाकी सगळं खोड. म्हणजे वरून फोटोत जो हिरवा गुच्छ दिसतो, तो त्या झाडाचा अगदी किरकोळ भाग. खरा ऐवज खाली उभा आहे, आणि फोटोला तो दिसत नाही.

या गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. झाड कुठं आहे हे लेझरनं सांगितलं. नक्की किती उंच आहे हे माणसानं वर चढून, टेप सोडून ठरवलं.

लायडार म्हणजे नेमकं काय?

घाटात समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली की थोड्या वेळानं प्रतिध्वनी येतो. कडा जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. आवाजाचा वेग माहीत असेल, तर किती सेकंदांनी आवाज परत आला यावरून कडा किती लांब आहे ते सांगता येतं. वटवाघळं हेच करतात.

लायडारमध्ये आवाजाच्या जागी प्रकाश. विमानातून लेझरचा एक अगदी छोटा झोत खाली सोडायचा. तो पानावर, फांदीवर, जमिनीवर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला तो मोजायचा. बास, एवढंच तत्त्व आहे.

पण प्रकाश जातो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. विमान १,००० मीटर उंचीवर असेल तर झोत खाली जाऊन परत यायला लागणारा वेळ साधारण ६.७ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग! आणि घड्याळ जर एका नॅनोसेकंदानं, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागानं चुकलं, तर उंचीत १५ सेंटीमीटरची चूक होते. म्हणजे या यंत्राचा जीव त्याच्या घड्याळात आहे.

असे झोत सेकंदाला एक-दोन नाही, काही लाख सोडले जातात. एक आरसा डावीकडून उजवीकडे सतत हलत असतो, त्यामुळे विमान पुढे जाताना खालचा एक रुंद पट्टा झाडूनपुसून मोजला जातो. मग विमान वळतं आणि शेजारचा पट्टा घेतं. शेतात नांगर फिरतो ना, अगदी तसं.

तुमच्यापैकी कुणाकडे आयफोनचं प्रो मॉडेल असेल, १२ प्रो किंवा त्यानंतरचं, तर मागच्या कॅमेऱ्यांजवळचा तो काळा ठिपका बघा. तो लायडारच आहे. त्याचा पल्ला पाच-एक मीटर. खोली मोजायला, सोफा कुठं बसेल ते बघायला पुरेसा. विमानातलं यंत्र त्याचंच थोरलं भावंड.

पानांतून जमीन कशी दिसते?

आता तुम्ही म्हणाल, घनदाट जंगल असेल तर लेझर पानांवरच आपटेल. खाली कसा जाणार?

भर दुपारी आंब्याखाली उभे राहा. कितीही गर्द सावली असली तरी जमिनीवर कवडसे पडलेले असतात. म्हणजे पानांमध्ये फटी आहेत आणि त्यातून प्रकाश खाली येतोय. लेझरही त्याच वाटेनं खाली जातो. लाखो झोत सोडले की त्यातले काही कवडशांच्या वाटेनं थेट जमिनीपर्यंत पोहोचतात. लायडारची सगळी जादू या कवडशांवर उभी आहे.

अजून एक गोष्ट. लेझर सुईसारखा बारीक राहत नाही. विमानापासून खाली येईपर्यंत त्याचा ठिपका साधारण परातीएवढा पसरतो. त्यामुळे एकाच झोताचा थोडा भाग वरच्या पानावर आपटतो, थोडा मधल्या फांदीवर, थोडा खालच्या झुडपावर आणि उरलेला जमिनीवर. म्हणजे एका हाकेला चार ठिकाणांहून ओ येते! पहिली ओ झाडाच्या माथ्याची, शेवटची बहुतेक वेळा जमिनीची, आणि मधल्या ओ म्हणजे जंगलाच्या आतले मजले.

इथंच फोटो आणि लायडारमधला फरक उघड होतो. लागवडीच्या बागेत साधारण एकाच उंचीवर माथे आणि मग एकदम जमीन. जुन्या जंगलात मात्र वरपासून खालपर्यंत प्रत्येक उंचीवर काही ना काही. वरून दोन्ही हिरवीच. उभा छेद घेतला की एक बैठं घर, दुसरी गजबजलेली चाळ.

यासाठी बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर वापरतात. कारण हिरवी पानं अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात, त्यामुळे परत येणारा झोत ठळक मिळतो.

विमान हलतं, त्याचं काय?

लेझर कितीही अचूक असला तरी विमान नेमकं कुठं होतं आणि किती कललेलं होतं हे माहीत नसेल तर सगळं फुकट. साधा हिशोब करा. १,००० मीटर उंचीवर विमान फक्त ०.१ अंशानं कललं आणि आपल्याला ते कळलंच नाही, तर खालचा ठिपका पावणेदोन मीटरनं सरकतो. म्हणजे या झाडाची उंची त्या झाडाच्या नावावर.

म्हणून विमानात लेझरसोबत अजून दोन साथीदार लागतात. एक जीपीएस, पण आपल्या फोनमधल्यापेक्षा कितीतरी अचूक, जमिनीवरच्या ठरावीक स्टेशनशी ताळा करून घेतलेलं. दुसरं, विमानाचा प्रत्येक हेलकावा टिपणारं यंत्र. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ज्या सेन्सरमुळे होतं त्याच जातीचं, फक्त फार तरबेज.

हे सगळं एकत्र केलं की हाती येतो पॉइंट क्लाउड. बिंदूंचा ढग. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: पूर्व-पश्चिम कुठं, उत्तर-दक्षिण कुठं आणि उंची किती. असे कोट्यवधी बिंदू. स्क्रीनवर फिरवून बघितलं तर अख्खं जंगल ठिपक्यांच्या रांगोळीसारखं हवेत तरंगताना दिसतं.

मग कॉम्प्युटर त्यातले जमिनीचे बिंदू वेगळे काढतो. त्यांच्यावरून उघड्या जमिनीचा नकाशा बनतो, जणू सगळी झाडं उचलून बाजूला ठेवली. दुसरा नकाशा माथ्यांचा. मग शाळेतली वजाबाकी: माथा वजा जमीन. उरली ती झाडांची उंची. प्रत्येक चौरस मीटरची, डोंगरउतार धरून.

जाता जाता सांगतो, तो "झाडं उचलून ठेवलेला" नकाशाही भलताच कामाचा निघाला. २०१८ मध्ये ग्वाटेमालाच्या जंगलाखाली माया संस्कृतीची ६० हजारांहून जास्त बांधकामं असल्याची बातमी आली होती, आठवतंय? घरं, रस्ते, तटबंद्या. ती याच पद्धतीनं सापडली. पण तो वेगळ्या भागाचा विषय. आपण परत झाडांकडे येऊ.

उंचीवरून वजन कसं काढायचं?

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. म्हणून जंगलाचं वजन कळलं की त्यात किती कार्बन आहे ते कळतं, आणि जंगल तोडलं तर त्यातला किती हवेत जाईल तेही.

पण लायडार वजन मोजत नाही. तो फक्त अंतर मोजतो. मग वजन कुठून आणायचं?

इथं येतात जमिनीवरची माणसं. जंगलात ठरावीक मापाचे चौकोन आखायचे. त्यातलं एकूण एक झाड मोजायचं. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाला टेप गुंडाळायची, घेर लिहायचा. झाड कुठल्या जातीचं ते लिहायचं, कारण सागाचं लाकूड आणि पांगाऱ्याचं लाकूड सारख्याच आकाराचं असलं तरी वजनात जमीन-अस्मानाचा फरक. घेर, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचं वजन काढायची सूत्रं आहेत. ती सूत्रं तरी कुठून आली? कधीतरी कुणीतरी खरोखर झाडं पाडून, तुकडे करून, वजनकाट्यावर ठेवली, त्यातून.

मग त्या चौकोनांवरून लायडारनं दिलेली उंची आणि जमिनीवर काढलेलं वजन शेजारी शेजारी ठेवायचं. "इतकी उंची, असे थर, तर साधारण इतकं वजन" असं नातं बसवायचं. एकदा ते नातं पक्कं झालं की विमान जिथं जिथं गेलंय तिथं तिथं ते लावता येतं. नॉर्वे, फिनलंड या देशांत आज वनखात्याचं रोजचं नियोजन या पद्धतीवर चालतं.

म्हणजे शंभर चौकोनांत चिखल तुडवत, जळवा काढत घेतलेली मापं लाखो हेक्टरांच्या नकाशाचा पाया असतात. ती मापं कच्ची, तर वरचा रंगीबेरंगी नकाशाही कच्चा. मनाराच्या वेळची टेप आठवली ना?

सबाहचा नकाशा काय म्हणाला?

आता मुख्य गोष्ट.

सबाह आकारानं साधारण आपल्या महाराष्ट्राचा पाव हिस्सा. तिथल्या जंगलात डिप्टेरोकार्प कुळातली उंचच उंच झाडं. आपल्याकडचा साल याच कुळातला. नवीन फ्लॅट बघायला गेलात तर "दाराच्या चौकटी मलेशियन सालच्या" असं बिल्डर सांगतो, ते लाकूडही मलेशियाच्या जंगलांतून येणारं, याच कुळातलं. म्हणजे हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे, अक्षरशः.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सबाहमध्ये लाकडासाठी प्रचंड तोड झाली. मोठी झाडं गेली. उरलं ते विस्कटलेलं जंगल: बारकी झाडं, वेलींचं जंजाळ, मधे मधे उघडी जागा. अशा जंगलाला सरकारी कागदावर एक शब्द चिकटतो, "निकृष्ट". आणि एकदा तो शब्द चिकटला की पुढचा युक्तिवाद तयारच असतो: नाहीतरी जंगल गेलेलंच आहे, मग साफ करून पाम तेलाची लागवड का करू नये? बिस्किटापासून शाम्पूपर्यंत लागणारं पाम तेल. मागणी भरपूर, पैसा हमखास.

इथं प्रश्न असा की ते जंगल खरंच गेलेलं आहे का? सॅटेलाइटच्या साध्या फोटोवरून सांगता येत नाही. तिन्ही हिरवं: जुनं जंगल, तोडलेलं जंगल आणि पामची लागवड.

एप्रिल २०१६ मध्ये ग्रेग ॲस्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमनं सबाहवर उड्डाणं केली. त्यांचं विमान होतं डॉर्नियर २२८, जे आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवते. विमानातून लायडारनं मोठमोठे पट्टे मोजले आणि मग सॅटेलाइटची माहिती जोडून सबंध राज्याचा कार्बन नकाशा तयार केला. नकाशाचा एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली. न तोडलेल्या जंगलात हेक्टरी सरासरी २०० टनांहून जास्त कार्बन. काही ठिकाणी तर ५०० टनांपर्यंत. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, हे डोक्यात ठेवा.

दुसरी. पूर्वी तोडलेल्या जंगलात हेक्टरी ६० ते १४० टन. कमी आहे, पण शून्य नाही! "गेलेल्या" जंगलात एवढा साठा शिल्लक होता.

तिसरी. सगळ्यात जास्त कार्बन असलेल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भाग पूर्ण संरक्षण असलेल्या हद्दीच्या बाहेर होता. म्हणजे कुंपण एकीकडे आणि तिजोरी दुसरीकडे.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तोडलेल्या जंगलांना पुन्हा वाढू दिलं तर सबाहचा जमिनीवरचा एकूण कार्बनसाठा दुप्पट होऊ शकतो.

आता विचार करा, या आकड्यांनी वाद कसा बदलतो. आधी वाद होता "वाया गेलेली जमीन वापरायची की नाही". आता तो झाला "भरत आलेली जखम पुन्हा उघडायची का". सबाहच्या वनविभागानं राज्याची ३० टक्के जमीन २०२५ पर्यंत पूर्ण संरक्षणाखाली आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यासाठी नेमकी कुठली जमीन निवडायची, हे अंदाजानं ठरवण्याऐवजी नकाशा समोर ठेवून ठरवता येऊ लागलं.

पुढे २०२० मध्ये अजून एक अभ्यास आला, दानुमजवळच्याच जंगलाचा. १९८० च्या दशकात तिथं मोठी तोड झाली होती, नंतर मात्र पुन्हा तोड होऊ दिली नाही. काही भाग आपोआप वाढू दिला. काही भागात माणसांनी मदत केली: वेली छाटल्या, स्थानिक झाडांची रोपं लावली, त्यांच्याभोवतीचं तण काढलं. ॲस्नर यांच्या टीमची विमानातली मोजणी आणि जमिनीवरच्या चौकोनांतली कित्येक वर्षांची मापं एकत्र केली, तेव्हा फरक दिसला. आपोआप वाढणारं जंगल दर वर्षी हेक्टरी २.९ टन कार्बन साठवत होतं. मदत मिळालेलं जंगल ४.४ टन. म्हणजे दीडपट वेग.

यातून दोन गोष्टी कळतात. जंगल स्वतःहून परत येतं, आणि थोडा हात दिला तर लवकर येतं. अट एकच, मधल्या काळात त्याला कुणी हात लावायचा नाही.

लायडारला काय दिसत नाही?

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू.

लेझर ढगांतून आरपार जात नाही. उष्ण कटिबंधात ढग तर रोजचेच. त्यामुळे उड्डाणाला मोकळ्या दिवसांची वाट बघावी लागते.

खर्च मोठा आहे. विमान, पायलट, यंत्र, इंधन, परवानग्या. म्हणून अख्खा देश दर वर्षी मोजणं परवडत नाही, आणि नकाशा हा त्या दिवसापुरता खरा असतो. उद्या कुणी करवत चालवली तर ते कळायला पुन्हा उडावं लागेल.

तीव्र उतारावर गडबड होऊ शकते. झाड उतारावर असेल तर उंची बुंध्याच्या वरच्या बाजूनं मोजायची की खालच्या, इथपासून प्रश्न.

झाडाची जात नुसत्या उंचीवरून कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राणी दिसत नाहीत. झाडं उभी आहेत, कार्बन भरपूर आहे, पण शिकारीमुळे धनेश उरला नाही, तर त्याच्या पोटातून पसरणाऱ्या बिया पसरणार नाहीत. आजच्या नकाशात ते जंगल धडधाकट दिसेल, पन्नास वर्षांनी नाही. तिथं राहणारी माणसंही नकाशात नसतात. जंगल किती आहे हे लायडार सांगतो, कुणाचं आहे हे नाही.

मग आपल्याकडे काय?

आता येऊ सुरुवातीच्या डोंगराकडे.

भारताचं वनाच्छादन किती, हे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोजते. मुख्य आधार सॅटेलाइटच्या प्रतिमा. व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, जिच्यावर झाडांच्या माथ्यांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त आहे. मालक कोण, कायद्यानं ती जमीन वन आहे की नाही, याच्याशी संबंध नाही. फळबागा, बांबू, नारळ-सुपारी, सगळं यात धरलं जातं.

या व्याख्येचा उपयोग आहे. देशभर एकाच मापानं, ठरावीक काळानं मोजणी होते, हे छोटं काम नाही. पण त्यामुळेच एक देवराई तुटली आणि तेवढ्याच जमिनीवर दुसरीकडे काजू लागला, तर एकूण आकडा जागच्या जागी राहू शकतो. क्षेत्र तेच, जंगल मात्र तेच नाही. हा फरक उंची आणि थर मोजल्यावरच पकडता येतो.

लायडार भारतात आलेला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाची आखणी करताना विमानातून लायडार सर्वेक्षण झालं. आणि वनांसाठीही वापर झाला, जरा वेगळ्या कामाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०२० मध्ये वाप्कॉस या सरकारी कंपनीला २६ राज्यांतल्या दोन लाख ६१ हजार हेक्टरांहून जास्त वनजमिनीच्या लायडार सर्वेक्षणाचं काम दिलं. जून २०२१ मध्ये दहा राज्यांचे प्रकल्प अहवाल जाहीर झाले. त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. इथं उद्देश होता पाणी. जंगलाखालच्या जमिनीचा नेमका चढ-उतार कळला की गॅबियन बंधारा कुठं, पाझर तलाव कुठं, शेततळं कुठं हे ठरवता येतं. जंगलातच पाणी आणि चारा मिळाला तर प्राणी गावात कमी येतील, असा विचार त्यामागे.

म्हणजे आपण "झाडं उचलून ठेवलेला" नकाशा वापरला. वजाबाकीनं उरणारा झाडांच्या उंचीचा नकाशा तितकाच मोलाचा आहे.

आणि एक फुकटची सोय सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये नासानं "जेडाय" नावाचं लायडार यंत्र आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवलं. हो, स्टार वॉर्सवाल्या जेडायसारखाच उच्चार! ते जमिनीवर २५ मीटर रुंदीचे ठिपके मोजतं. सलग नकाशा नाही, मधे मधे मोकळी जागा असते. पण भारतही त्याच्या टप्प्यात येतो आणि माहिती सगळ्यांसाठी मोफत आहे. भूगोल, पर्यावरण किंवा कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घ्या. फक्त एक करा. ठिपक्यांपैकी काही जागी स्वतः जा आणि खोडाला टेप लावा. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

जाता जाता

पुढच्या वेळी बातमी वाचाल, "वनाच्छादन इतक्या चौरस किलोमीटरनं वाढलं" किंवा "निकृष्ट वनजमीन प्रकल्पाला दिली", तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे जंगल किती उंच आहे आणि त्यात किती थर आहेत? जमिनीवर जाऊन कुणी मोजलं का? आणि हात लावला नाही तर वीस वर्षांत ते कुठवर जाईल?

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सबाहमध्ये तो विचारला गेला, आणि ज्याला सगळ्यांनी मेलेलं समजलं होतं ते जंगल दर वर्षी हेक्टरी जवळजवळ तीन टन कार्बन साठवताना सापडलं. आपल्याही सह्याद्रीत, विदर्भात "निकृष्ट" असा शिक्का बसलेली कितीतरी जंगलं आहेत. त्यांची उंची मोजायच्या आधी त्यांचा निकाल लावू नये, एवढंच म्हणणं आहे.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर एखाद्या ट्रेकिंगवाल्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, मजेत राहा!